डेटाबेसची क्रॅश रिकव्हरी: सर्व्हर अडकला आहे की कामात आहे?

वीज गेली, मेमरी संपली किंवा ऑपरेटिंग सिस्टीमच कोसळली म्हणून अचानक बंद पडलेला डेटाबेस सर्व्हर पुन्हा सुरू केला, तरी तो लगेच प्रश्नांची उत्तरे देऊ लागत नाही. बंद पडण्याच्या क्षणी अर्धवट राहिलेले व्यवहार निस्तरून सगळा डेटा पुन्हा सुसंगत करणे हे त्याचे पहिले काम असते. या कामाला क्रॅश रिकव्हरी म्हणतात. ते कधी पाच सेकंदांत उरकते, कधी दोन-दोन तास चालते. तोवर सर्व्हर नवी जोडणी नाकारतो किंवा ताटकळत ठेवतो. बाहेरून पाहणाऱ्याला इतकेच दिसते की सर्व्हर गप्प आहे. मूळ बिघाडापेक्षा जास्त नुकसान अनेकदा या गप्पपणाला घाबरून केलेल्या उपायांनी होते. म्हणून सर्व्हर खरोखर अडकला आहे की काम करतो आहे, हे ठरवणे ही अशा प्रसंगातली पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

ते ठरवायचे तर रिकव्हरीत नेमके काय घडते ते माहीत हवे. जुन्या पेढीवर प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत, घडला त्या क्रमाने लिहिला जाई आणि मग सवडीने खतावणीत त्या त्या खात्यावर चढवला जाई. डेटाबेस हीच शिस्त पाळतो. कोणताही बदल आधी लॉगमध्ये, एकामागोमाग एक, लिहिला जातो. ती नोंद डिस्कवर पक्की झाली की वापरकर्त्याला ‘व्यवहार झाला’ असे कळवले जाते. प्रत्यक्ष तक्त्यांची पाने त्या वेळी फक्त मेमरीत बदललेली असतात. डिस्कवर ती नंतर जातात. ठरावीक काळाने येणारा चेकपॉइंट म्हणजे ‘इथपर्यंतची कीर्द खतावणीत चढली’ अशी खूण. सर्व्हर अवचित बंद पडला, तर त्या खुणेपासून पुढची सगळी कीर्द पुन्हा वाचून पाने दुरुस्त करावी लागतात. रिकव्हरीला किती वेळ लागेल हे म्हणूनच डेटाबेस किती मोठा आहे यावर फारसे ठरत नाही. शेवटच्या चेकपॉइंटनंतर किती लॉग साचला आणि डिस्क किती वेगवान आहे, यावर ते ठरते. शंभर जीबीचा शांत डेटाबेस क्षणात उठतो आणि दहा जीबीचा पण सतत लिहिला जाणारा डेटाबेस अर्धा तास घेतो, याचे कारण हे.

या पद्धतीचा पाया जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात आयबीएममध्ये घातला. ग्रे यांना १९९८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तिला आजचे रूप दिले ते ‘एरीज’ या पद्धतीने. मार्च १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक सी. मोहन हे मद्रास आयआयटीचे पदवीधर. पुढे २००६ ते २००९ या काळात ते आयबीएम इंडियाचे मुख्य शास्त्रज्ञ म्हणून बेंगळुरूत होते. भारतातल्या बहुसंख्य अभियंत्यांनी एरीज वाचलेली असते ती सिल्बरशॅट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांच्या पाठ्यपुस्तकातून, आणि त्यांतले एस. सुदर्शन पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक. एरीजमध्ये रिकव्हरीचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात लॉग चाळून कोणती पाने मागे राहिली आणि कोणते व्यवहार अपुरे होते याची यादी होते. दुसऱ्यात लॉगमधले सगळे बदल, अपुऱ्या व्यवहारांचेसुद्धा, पुन्हा केले जातात. याला रिडू म्हणतात. तिसऱ्यात अपुरे व्यवहार उलटवले जातात, म्हणजे अनडू. उलटवतानाही प्रत्येक पावलाची नोंद लॉगमध्ये होते, त्यामुळे रिकव्हरीच्या मध्येच वीज गेली तरी एकदा उलटवलेले पुन्हा उलटवावे लागत नाही. पद्धतीचे खरे सौंदर्य इथे आहे: रिकव्हरी चालू असतानाही सर्व्हर पडेल, हे तिने आधीच गृहीत धरले आहे.

प्रत्येक डेटाबेसने ही पद्धत आपापल्या परीने घेतली. एसक्यूएल सर्व्हर तिन्ही टप्पे जवळपास जसेच्या तसे पाळतो. मायएसक्यूएलमधले इनोडीबी रिडू पूर्ण करते आणि अनडू मागे चालू ठेवून दार उघडते. पोस्टग्रेसमध्ये अनडू हा टप्पाच नाही. अपुऱ्या व्यवहाराने लिहिलेल्या ओळी तिथे मृत म्हणून पडून राहतात आणि व्हॅक्यूम त्या पुढे साफ करतो. सॅपच्या हाना या मेमरीत राहणाऱ्या डेटाबेसमध्ये साधारण दर पाच मिनिटांनी सेव्हपॉइंट घेतला जातो. पुन्हा सुरू होताना ओळींच्या रूपात साठवलेले तक्ते आधी पूर्ण मेमरीत आणावे लागतात, स्तंभांच्या रूपातले मागाहून गरजेप्रमाणे येतात. याच सॅपचे सॅप लॅब्स इंडिया हे मोठे केंद्र व्हाइटफील्डला, पूर्व बेंगळुरूच्या महादेवपुरा भागात आहे.

व्हाइटफील्ड, मारतहळ्ळी, बेळ्ळंदूर आणि बाह्य वळण रस्त्याचा बराच पट्टा महादेवपुऱ्यात येतो. देशातल्या असंख्य व्यवहारांमागच्या डेटाबेसची निगा राखणारे अभियंते इथे बसतात आणि त्यांत महाराष्ट्रातून आलेलेही पुष्कळ आहेत. सप्टेंबर २०२२च्या पहिल्या आठवड्यातल्या पावसाने हा भाग पाण्याखाली गेला, इमारतींची तळघरे भरली, अनेक ठिकाणी वीज गेली. जनरेटर आणि यूपीएस ज्या तळघरात असतात तिथेच पाणी शिरले, तर इमारतीतला सर्व्हर रीतसर बंद करायलाही सवड मिळत नाही. आता मात्र बहुतेक सर्व्हर कार्यालयात नसतात. ॲमेझॉनने २०१६मध्ये आपल्या क्लाउड सेवेचा पहिला भारतीय विभाग मुंबईत सुरू केला; महादेवपुऱ्यातल्या खुर्चीवरून सांभाळला जाणारा डेटाबेस प्रत्यक्षात मुंबईतल्या डिस्कवर असणे त्यामुळे अगदी सामान्य आहे. अशा ठिकाणी वीज क्वचितच जाते. तिथे क्रॅशचे नेहमीचे कारण मेमरी असते. लिनक्समध्ये मेमरी संपत आली की कर्नल कोणती तरी प्रक्रिया मारून टाकतो आणि बळी अनेकदा डेटाबेसचीच एखादी प्रक्रिया ठरते. पोस्टग्रेसमध्ये एका जोडणीची प्रक्रिया अशी मारली गेली, तरी सामाईक मेमरी बिघडली असेल या शंकेने मुख्य प्रक्रिया बाकीच्या सगळ्या जोडण्या तोडते आणि पूर्ण सर्व्हर रिकव्हरीत नेते. यंत्र चालू, मुख्य प्रक्रिया चालू, तरी कोणालाच जोडणी मिळत नाही. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो.

तपासाची सुरुवात सर्व्हर कशा प्रकारे गप्प आहे यापासून करावी. जोडणी थेट नाकारली जात असेल, तर त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही, म्हणजे प्रक्रिया सुरूच झालेली नाही किंवा सुरू होऊन पडली आहे. ‘डेटाबेस सुरू होत आहे’ किंवा ‘डेटाबेस रिकव्हरीत आहे’ असा संदेश येत असेल, तर मुख्य प्रक्रिया जिवंत आहे आणि काय चालले आहे ते स्वतःच सांगते आहे. हा संदेश चूक म्हणून न वाचता बातमी म्हणून वाचावा. जोडणी मिळते पण प्रश्न पुढे सरकत नाही, असे असेल तर रिकव्हरीचे रिडू बहुधा संपले आहे आणि अडथळा कुलपांत (लॉकमध्ये) किंवा डिस्कमध्ये आहे.

त्यानंतर सर्व्हरचा संदेश-लॉग पाहावा. पोस्टग्रेसच्या १५व्या आवृत्तीपासून रिकव्हरी लांबली तर दर दहा सेकंदांनी प्रगतीची ओळ लिहिली जाते. एसक्यूएल सर्व्हर तर कोणता टप्पा, किती टक्के काम झाले आणि अंदाजे किती सेकंद उरले हेही लिहितो, अर्थात ते सेकंद अंदाजच समजावेत. जुन्या पोस्टग्रेसमध्ये लॉग मुका असतो, पण दुसरी वाट आहे. चालू प्रक्रियांची यादी काढली की रिकव्हरी करणाऱ्या ‘स्टार्टअप’ प्रक्रियेच्या नावापुढे ती सध्या लॉगची कोणती फाइल वाचते आहे ते दिसते. ही फाइल सहसा १६ एमबीची असते. मिनिटभराने पुन्हा पाहिले आणि नाव साठ फायली पुढे गेलेले दिसले, तर वेग मिनिटाला ९६० एमबी झाला. चाळीस जीबी लॉग उरला असेल, तर पाऊण तास लागेल. व्यवस्थापकाला सांगण्यासारखे हेच एक प्रामाणिक उत्तर असते आणि ते मिळाले की खोलीतली निम्मी घाई आपोआप उतरते.

लॉग किती उरला हे मोजताना एक चकवा आहे. पोस्टग्रेस जुन्या फायली फेकून न देता पुढची नावे देऊन आगाऊ ठेवतो. निर्देशिकेतले शेवटचे नाव म्हणजे लॉगचा शेवट, असे धरले तर अंदाज फार फुगतो. फायलींची बदलाची वेळ पाहावी. क्रॅशच्या आधी सर्वांत शेवटी लिहिलेली फाइल तीच खरी शेवटची. सुरुवात कुठून झाली हे ‘पीजी_कंट्रोलडेटा’ ही आज्ञा सांगते. ती फक्त वाचते, त्यामुळे सर्व्हर कोणत्याही अवस्थेत असला तरी चालवायला हरकत नाही.

फाइलचे नाव हलत नसेल तरी लगेच निष्कर्ष काढू नये, कारण रिडूच्या आधी आणि नंतरही वेळखाऊ कामे असतात. रिडूला हात घालण्यापूर्वी पोस्टग्रेस डेटा-निर्देशिकेतली प्रत्येक फाइल डिस्कवर पक्की करून घेतो. तक्ते आणि इंडेक्स मिळून लाखो फायली असतील आणि डिस्क संथ असेल, तर यातच बरीच मिनिटे जातात. १४व्या आवृत्तीपासून लिनक्सवर हे काम फाइलगणिक न करता संपूर्ण फाइल-सिस्टीमला एकदाच सांगून करण्याची सोय झाली. हजारो तक्त्यांच्या इनोडीबीतही फायली शोधण्यात असाच वेळ जातो. रिडू संपल्यावर मेमरीत बदललेली सगळी पाने डिस्कवर लिहिणारा शेवटचा चेकपॉइंट होतो. मेमरी मोठी असेल तर तोही लांबतो. आणि रिडू चालू असतानाच एखाद्या ठिकाणी नाव अडल्यासारखे दिसते, प्रोसेसर मात्र शंभर टक्के व्यग्र असतो. क्रॅशपूर्वी शेकडो तक्ते एकदम काढून टाकले असतील, तर अशी वेळ येते, कारण प्रत्येक तक्त्यासाठी सामाईक मेमरी धुंडाळावी लागे. पोस्टग्रेसच्या १४व्या आवृत्तीत हा खर्च बराच कमी झाला. शिवाय दिवसभर पन्नास जोडण्यांनी मिळून लिहिलेला लॉग पोस्टग्रेसमध्ये एकच प्रक्रिया एकटीने पुन्हा लावते. चौसष्ट कोअरचे यंत्र असूनही एकच कोअर धावताना दिसतो, तो या रचनेमुळे. तो बिघाड नव्हे.

खरा अडथळा ओळखायचा तर प्रोसेसर आणि डिस्क एकत्र पाहावे. प्रोसेसर व्यग्र असेल किंवा डिस्कवर वाचन-लेखन चालू असेल, तर काम होते आहे. दोन्ही शांत असतील आणि प्रक्रिया डिस्कची वाट पाहण्याच्या अवस्थेत गोठलेली असेल, तर डेटाबेस सोडून डिस्ककडे वळावे. कर्नलच्या संदेशांत वाचनाच्या चुका दिसतील, नेटवर्कवरची साठवण तुटलेली असेल, किंवा क्लाउडमधल्या डिस्कचा वाढीव वेगाचा साठा संपून ती मूळ संथ वेगावर आलेली असेल. स्नॅपशॉटमधून नुकतीच तयार केलेली डिस्कसुद्धा पहिल्या वाचनाला फार संथ असते. अशा वेळी डेटाबेसची सेटिंग्ज बदलत बसण्यात अर्थ नाही.

डिस्क भरली हे कारण वेगळे हाताळावे लागते. लॉगसाठी जागा उरली नाही की पोस्टग्रेस पडतो आणि जागा तशीच भरलेली असेल तर रिकव्हरीतही पुन्हा पडतो. जागा करण्यासाठी लॉगच्या निर्देशिकेतल्या फायली पुसण्याचा मोह होतो, कारण सर्वांत जास्त जागा त्यांनीच खाल्लेली असते. त्या पुसणे म्हणजे अजून खतावणीत न चढलेली कीर्द जाळणे. डिस्क वाढवावी, किंवा डेटाबेसशी संबंध नसलेल्या फायली हलवाव्यात.

यांपेक्षा फसवा प्रकार असा की रिकव्हरी नीट चालली असते आणि तिला मारणारे दुसरेच कोणी असते. लिनक्सवर सेवा सांभाळणारे सिस्टमडी, एखादी सेवा ठरलेल्या वेळेत ‘तयार’ असे सांगत नसेल तर तिला मारून टाकते. ही वेळ मुळात ९० सेकंदांची असते. रिकव्हरीला दहा मिनिटे लागणार असतील, तर दीड मिनिटाने तिचा गळा आवळला जातो. सेवा पुन्हा सुरू होते आणि पोस्टग्रेसची क्रॅश रिकव्हरी शेवटच्या चेकपॉइंटपासून परत सुरुवात करते. नव्वद सेकंदांनी पुन्हा तेच. हे चक्र रात्रभर चालू शकते. पोस्टग्रेसची अधिकृत मार्गदर्शिका म्हणूनच ही मुदत अमर्याद ठेवायला सुचवते. कुबरनेटीजमध्ये हेच काम ‘जिवंत आहे का’ विचारणारी चाचणी करते. त्यावर उपाय म्हणून सुरुवातीसाठी वेगळी, सहनशील चाचणी ठेवण्याची सोय आहे. या चक्राची खूण लॉगमध्ये मिळते. ‘डेटाबेस रिकव्हरीत असताना खंडित झाला’ अशी ओळ आणि तिच्याखाली ‘बहुधा काही डेटा खराब झाला असून शेवटचा बॅकअप वापरावा लागेल’ अशी सूचना. ही सूचना वाचून भलेभले हादरतात. पण रिकव्हरीच्या मध्ये प्रक्रिया मारली गेली, मग ती कोणत्याही कारणाने, की हीच सूचना छापली जाते. डेटा धडधाकट असतानाही ती दिसते. ती दिसल्यावर आधी कोण मारते आहे ते शोधावे, बॅकअप नंतर.

इनोडीबीत अडचण वेगळ्या तोंडाने येते. रिडू झाले, दार उघडले, जोडण्या मिळू लागल्या, तरी काही तक्त्यांवरचे प्रश्न लटकलेलेच. क्रॅशच्या वेळी कोट्यवधी ओळी बदलणारा एखादा व्यवहार अपुरा असेल, तर तो मागे उलटवला जात असतो आणि उलटून होईपर्यंत त्या ओळींची कुलपे त्याच्याच हातात राहतात. उलटवायला लागणारा वेळ अनेकदा मूळ व्यवहारापेक्षा जास्त असतो. सर्व्हर पुन्हा बंद करून काही मिळत नाही, उलटवण्याचे काम उठल्यावर पुढे चालूच राहते. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१९च्या आवृत्तीने ओळींच्या जुन्या प्रती सांभाळून हे उलटवणे जवळपास तात्काळ करण्याची सोय आणली. इनोडीबीत शेवटचा उपाय म्हणून सक्तीच्या रिकव्हरीच्या १ ते ६ पायऱ्या आहेत. तिसरी पायरी उलटवणे वगळते. सहावी रिडूच वगळते. चौथीपासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो. खालच्या पायरीपासून एकेक चढत जावे, सर्व्हर उठेल तिथे थांबावे आणि पहिल्या संधीला सगळा डेटा बाहेर काढून नव्या सर्व्हरवर भरावा.

पोस्टग्रेसमध्ये या शेवटच्या उपायाचे नाव ‘पीजी_रीसेटवॉल’. ही आज्ञा उरलेला लॉग टाकून देते आणि सर्व्हर चटकन उठतो, म्हणून घाईत ती फार आकर्षक वाटते. पण उठलेल्या डेटाबेसमध्ये काही पाने नवी, काही जुनी, इंडेक्स एक सांगतो आणि तक्ता दुसरे. ती वापरलीच, तर त्या सर्व्हरवर नवे लिखाण होऊ न देता डेटा बाहेर काढणे एवढाच उद्देश असावा. अशी कोणतीही कृती करण्याआधी सर्व्हर थांबवून संपूर्ण डेटा-निर्देशिकेची प्रत किंवा डिस्कचा स्नॅपशॉट घ्यावा. ही प्रत काढायला लागणारा अर्धा तास कोणालाच परवडत नाही असे वाटते, पण तिच्याशिवाय केलेली चूक परत फिरवता येत नाही.

गप्प प्रक्रियेला मेलेली समजण्याची किंमत किती असते याचे जगजाहीर उदाहरण गिटलॅब या कंपनीचे आहे, आणि तिने ते स्वतःच तपशीलवार प्रसिद्ध केले. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री तिथला अभियंता दुय्यम सर्व्हरवर पोस्टग्रेसची प्रत नव्याने उभी करत होता. प्रत घेणारी आज्ञा काहीच न छापता थांबली होती. ती मुख्य सर्व्हरकडून माहिती येण्याची वाट पाहत होती. अर्धवट फायलींमुळे ती अडली असावी असे वाटून त्याने डेटा-निर्देशिका पुसली, आणि चुकून मुख्य सर्व्हरवरची पुसली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली तेव्हा सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. नेहमीचे बॅकअप कामाचे निघाले नाहीत. सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट हाताशी होता म्हणून बाकीचे वाचले, त्या सहा तासांतला डेटा गेला.

दुय्यम सर्व्हर ताजा असेल, तर मुख्य सर्व्हरच्या रिकव्हरीची वाट न पाहता त्याच्याकडे काम सोपवणे बहुतेक वेळा शहाणपणाचे असते. त्यात अट एकच. रिकव्हरीतून उठणारा जुना सर्व्हर आपण अजून मुख्यच आहोत असे समजून लिखाण स्वीकारू लागेल. त्याला आधी जाळ्यापासून तोडले पाहिजे. दोन सर्व्हरवर वेगवेगळे व्यवहार नोंदले गेले, तर ते पुन्हा जुळवणे कोणत्याही रिकव्हरीपेक्षा अवघड असते.

रिकव्हरी किती लांबेल हे खरे तर आधीच ठरलेले असते. पोस्टग्रेसमध्ये चेकपॉइंट मुळात पाच मिनिटांनी किंवा लॉग एक जीबीच्या मर्यादेकडे जाऊ लागला की होतो. रोजचे लिखाण सुरळीत व्हावे म्हणून या मर्यादा अर्धा तास आणि शंभर जीबीपर्यंत वाढवण्याची पद्धत आहे. ती योग्यही असते, पण क्रॅशनंतर तो सगळा लॉग वाचावा लागेल हा सौदा तिच्यात आहे. ओरॅकलमध्ये उलट बाजूने, किती सेकंदांत उठले पाहिजे हेच सांगता येते आणि चेकपॉइंटचा वेग तो त्यावरून ठरवतो. चाचणीच्या सर्व्हरवर भर कामात असताना प्रक्रिया मुद्दाम मारून उठायला लागणारा वेळ मोजला, तर खऱ्या प्रसंगी अंदाजाने बोलावे लागत नाही.

सर्व्हर जोडण्या घेऊ लागला म्हणजे प्रसंग संपला असे नाही. मेमरी रिकामी असते, प्रत्येक पान डिस्कवरून येते आणि तासभर वाट पाहिलेले सगळे अॅप्लिकेशन-सर्व्हर एकाच क्षणी धडकतात. या गर्दीनेच मेमरी संपून दुसरा क्रॅश झाल्याचे प्रकार घडतात, म्हणून जोडण्या टप्प्याटप्प्याने सोडाव्यात. दोन टप्प्यांच्या कमिटसाठी आधीच तयार ठेवलेले व्यवहार रिकव्हरीनंतरही कुलपे धरून जिवंत असतात. ते हाताने मार्गी लावावे लागतात. पोस्टग्रेसमध्ये ज्या तक्त्यांसाठी लॉग लिहायचा नाही असे ठरवलेले असते, ते क्रॅशनंतर रिकामे होतात. ज्या अॅप्लिकेशनने त्यांत कामाची माहिती ठेवली असेल त्याला ती पुन्हा भरावी लागते. कोणत्या तक्त्यात किती बदल झाले याची सर्व्हरने ठेवलेली आकडेवारीही क्रॅश रिकव्हरीत पुसली जाते. स्वयंचलित व्हॅक्यूमला कुठे काम साचले आहे ते त्यामुळे कळत नाही आणि मृत ओळी साचत राहतात. मोठ्या, सतत बदलणाऱ्या तक्त्यांवर व्हॅक्यूम आणि ॲनालाइझ हाताने चालवले की ही गणती पुन्हा सुरू होते.